ग्रीन कार्डाची समता

समता शिकावी तर अमेरिकेकडून. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डं, त्यात एका देशाचा वाटा साधारण 7 टक्के. आइसलँडची लोकसंख्या आपल्या सांगली-मिरजेहून कमी, पण मर्यादा भारताला तीच. लाड कुणाचेच नाहीत.

शेवटची पायरी तर फारच देखणी. वकिलाने कागद जुळवले, डॉक्टरांनी लशी तपासून अहवाल ‘फोडू नये’ अशा पाकिटात बंद केला, आता उरली फक्त रांगेत नंबर लागायची तारीख. दर महिन्याच्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये ती पुढे सरकते, थबकते, कधी चक्क काही वर्षं मागे जाते. आपल्या पंचांगकर्त्यांना हे अजून साधलेलं नाही. तोवर मुलगा 21 वर्षांचा झाला की बहुधा आईबापांच्या अर्जातून बाहेर. तेवढंच ओझं हलकं!

शिवाय नियम उदार आहे. तुमचं नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान बघतात. आणि जोडीदार दुसऱ्या देशात जन्मला असेल तर त्याच्या रांगेत शिरता येतं. तरी वधू-वर सूचक मंडळांनी अर्जात गोत्राच्या जागी जन्मदेश विचारावा. मुलगी आइसलँडच्या रेक्याविकला जन्मलेली असल्यास मंगळ चालेल.