कितीला दिला?

मण्यांचा हार विणून पूर्ण झाला की लोक पहिल्यांदा विचारतात, "किती वेळ लागला?" आणि मग, "विकलास तर किती येतील?" पहिल्याचं खरं उत्तर दिलं, तर दुसरा प्रश्न विसरून माझ्याकडे काळजीनं बघत राहतात.

ओवणं निराळं, विणणं निराळं. ओवताना सुई सरळ पळते, संध्याकाळी माळ गळ्यात. विणताना एक मणी उचलायचा, आधीच्या ओळीतल्या मण्यातून सुई काढायची, पुन्हा एक उचलायचा. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो (नंबर वाढतो तसा मणी लहान होतो, हा या धंद्याचा खाक्या) आणि एका ग्रॅममध्ये असे शंभराच्या आसपास मावतात. तीस ग्रॅमचा हार म्हणजे तीनेक हजार मणी, आणि बहुतेकांतून दोरा निदान दोनदा जायला हवा.

एवढा वेळ आणायचा कुठून? माझं घर कर्जतला, नोकरी खोपोलीला. मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, की आलीच खोपोली. प्रवास एवढासा, पण फलाटावरचं बसणं भरपूर. गाडीला उशीर झाला की बाकीचे घड्याळाकडे बघत, माझी एक ओळ वाढे. पुण्याकडच्या गाड्या घाट चढण्याआधी मागे इंजिनं लावून घ्यायला कर्जतला थांबतात, आणि तेवढ्यात डब्याडब्यातून वड्यांसाठी हात बाहेर येतात. अशाच एका खिडकीतून एका गृहस्थांनी माझ्या मांडीवरच्या हाराकडे बोट दाखवून विचारलं, "कितीला दिला?" मी म्हटलं, "अजून व्हायचाय." ते म्हणाले, "मग अर्ध्याचे सांगा." गाडी हलली म्हणून, नाहीतर सौदा होताही.

पावसाळ्यात दुसरीच अडचण. कर्जतचा पाऊस सुरू झाला की भरदुपारी अंधारतं, त्यात वीज जाते, आणि गडद निळा मणी अन् काळा मणी एकाच आईची लेकरं दिसू लागतात. तेव्हा डबी मिटून भजी तळावीत. सुती दोराही या दमट हवेत टिकत नाही, म्हणून तंगूस. तेर आणि भोकरदनच्या उत्खननात सातवाहनकाळातले मणी सापडले आहेत. मणी राहिले, दोरे कुजून गेले. कुणीतरी ते तासन् तास बसून ओवले असणार. किती वेळ लागला, हे त्या बाईलाही शेजारणींनी विचारलंच असेल.

हार पूर्ण झाला तो मृगाच्या सुमारास. फलाटावर शेजारी एक ठाकरीण टोपली घेऊन बसली होती, शेवळं आणि सोबत काकडं. तिच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या-पांढऱ्या मण्यांचे इतके सर, की माझा हार त्यापुढे नुसता नमुना वाटावा. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, मागच्या गाठी बघितल्या, दोन बोटांत ताणून पाहिला. वेळ विचारला नाही, किंमतही नाही. "मणी कुठनं आणलंस बाय?" म्हणाली. मी म्हटलं, "मुंबईहून, मावशी. क्रॉफर्ड मार्केटजवळ, अब्दुल रहमान स्ट्रीटवर." तिनं मान हलवली. "काळं बारीक मिळंना हिकडं. मिळालं तर आन." मग शेवळांचा वाटा माझ्या पिशवीत टाकला आणि पैसे मात्र पुरते घेतले. हाराचं एवढं नेमकं परीक्षण घरीदारी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

तर आता विनंती अशी: तुमच्यापैकी कुणी मुंबईला त्या बाजूला जाणार असेल, तर अकरा नंबरच्या काळ्या मण्यांची दोन पाकिटं आणा. एक मावशींचं, एक माझं. पुढचा हार सुरू करायचा आहे. पैसे आल्याआल्या देते. फक्त मॅट आणू नका, चकचकीत हवेत.