चहाचे आठ कप आणि एक जर्नल

रोनाल्ड फिशरने १९३५च्या पुस्तकात प्रयोगाची आखणी समजावली ती चहाच्या ८ कपांवर. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम नशिबावर सोडलेला. नुसत्या अंदाजाने सगळे कप ओळखण्याची शक्यता ७०त १. आमच्या कृषी महाविद्यालयात हे सगळ्यांना पाठ. यादृच्छिकीकरण, पुनरावृत्ती, स्थानिक नियंत्रण, तोंडी परीक्षेत धडाधड! शेतावर मात्र खताचा वाफा विहिरीजवळ आणि बिनखताचा बांधालगत, बाभळीच्या सावलीत. पाइप तिथवर पुरत नव्हता ना. खत जिंकलं. पुनरावृत्ती तेवढी मनापासून झाली: मागच्या बॅचच्या जर्नलमधले आकडे चाळीस जणांनी जसेच्या तसे उतरवले. तफावत शून्य. सरांनी सगळ्यांना १०पैकी ९ दिले.