विमान पडते, ट्रान्समीटर उरतो

रेडिओवर उडणारे मॉडेल विमान घेताना नवशिका सगळा पैसा विमानावर उधळतो आणि ट्रान्समीटर जाता जाता उचलतो. वास्तविक विमान आज ना उद्या बाभळीवर जाऊन बसते. ट्रान्समीटर त्याची उत्तरक्रिया आटोपून पुढच्या विमानासाठी हजर असतो.

मोटरची गती ठरवणारा थ्रॉटल, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या म्हणजे एलेरॉन, यांना एकेक असे चार चॅनेल पुरतात. फ्लॅप, आत घेता येणारी चाके वगैरे हौस असेल तर सहा ते आठ. सोळा चॅनेल घेणाऱ्या नवशिक्याचे उरलेले बारा बहुधा मित्रांना दाखवण्यासाठी असतात. खरा प्रश्न मोडचा. मोड 2 मध्ये थ्रॉटल डाव्या स्टिकवर, मोड 1 मध्ये उजव्या. शिकवणाऱ्याचा मोड तोच आपला घ्यावा; नाहीतर विमान गटांगळ्या खाऊ लागल्यावर ट्रान्समीटर गुरूच्या हाती दिला, की गुरूही शिष्याइतकाच अडाणी ठरतो.

35 किंवा 72 मेगाहर्ट्झच्या काळात एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर सुरू झाले, की विमान कोसळायचे. म्हणून मैदानातल्या फळ्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा असे; ज्याच्याकडे चिमटा, त्याचे आकाश. 2.4 गिगाहर्ट्झचे सेट आपली वाट आपणच शोधतात. त्यामुळे भांडणे मिटली, पण खापर फोडायला शेजारीही उरला नाही.

उड्डाणापूर्वी थ्रॉटल तळाला ओढून आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. ट्रान्समीटर प्रत्येक विमानाची सेटिंग वेगळ्या मेमरीत ठेवतो; म्हणून त्याच्या पडद्यावर हातातल्याच विमानाचे नाव आहे ना, हे वाचावे. दुसऱ्या विमानाच्या मेमरीवर एखादे एलेरॉन उलटे चालू शकते. विमानामागे उभे राहून स्टिक उजवीकडे न्यावी: उजवे एलेरॉन वर, डावे खाली. उलट दिसले तर ‘बघू हवेत’ म्हणू नये. हवेत बघायला फार थोडा वेळ मिळतो.

सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करावे हे ठरवणारे सेटिंग म्हणजे फेलसेफ. त्याची परीक्षा पंखा काढून, ट्रान्समीटर बंद करून घ्यावी; मोटर थांबली पाहिजे. शेवटचा हुकूम धरून ठेवणारे सेटिंग असेल, तर सिग्नल तुटलेले आज्ञाधारक विमान पुढच्या तालुक्याकडे निघते. रेंजची चाचणी कमी शक्तीवर, साधारण तीस पावलांवरून.

हवेत असताना अँटेनाचे टोक विमानावर रोखू नये, कारण टोकाच्या दिशेला लहरी सर्वांत क्षीण असतात. घाबरलेला माणूस नेमका नेम धरूनच उभा राहतो.

उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढावी, मग ट्रान्समीटर बंद करावा. कौतुक त्यानंतर ऐकावे.