बेसॉल्टराव

‘वैऱ्याच्याही नशिबी ही पीएचडी येऊ नये,’ असं बेसॉल्टराव म्हणतात आणि त्याच दमात विचारतात, ‘तुमच्या ओळखीत कुणी आहे का? आमच्याकडे जागा निघालीय.’

वय जेमतेम तिशीचं. ‘राव’ ही पदवी मित्रांनी दिलेली. ‘डॉक्टर’ ही विद्यापीठ अजून देतंय. विषय प्रायोगिक ज्वालामुखीशास्त्र, मुक्काम म्युनिक. ज्वालामुखी बघायला लोक इटलीला जातात, हे तळघरात बसून तो फोडतात. ज्वालामुखीतून आलेल्या दगडाचा अडीच सेंटिमीटर जाड, सहा सेंटिमीटर लांब दांडा कापायचा, पोलादी नळीत ८५० अंशांपर्यंत तापवायचा, त्याच्या छिद्रांत दाबाने आर्गॉन वायू भरायचा आणि दाब एकदम सोडून द्यायचा. आतला वायू फुगतो आणि दगडाच्या ठिकऱ्या वरच्या टाकीत उडतात. दाब असा अचानक सोडून मॅग्मा फोडण्याचे प्रयोग अलिदिबिरोव्ह आणि डिंगवेल यांनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये मांडले. ही दोन नावं बेसॉल्टराव कुलदैवतासारखी घेतात.

आपल्या घरात ‘फुटलं!’ ऐकू आलं की आई झाडू घेऊन धावते. बेसॉल्टराव ‘फुटलं!’ म्हणून रात्री साडेदहाला फोन करतात, आणि आपण अभिनंदन करायचं असतं. ‘नाही फुटलं’ असेल तर त्या दिवशी जेवण नाही. कमी छिद्रांचा दगड हट्टी असतो, त्याला जास्त दाब लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तरी राग येतो. फुटलंच, तर टाकीतली राख ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून घ्यायची, चाळायची, तोलायची. चिमूटभर कमी भरली की पुन्हा टाकीत डोकं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा रव्याच्या लाडवांचा पाक चालला होता. बेसॉल्टराव आरती सोडून शेगडीपाशी. ‘काकू, हा एकतारी, म्हणजे आपला बेसॉल्ट. बुडबुडा आला की सुटून जातो, म्हणून हवाईचा लाव्हा निवांत वाहतो. आता आटू द्या. हा झाला रायोलाइट! बुडबुडा अडकला, दाब वाढला, आता स्फोट!’ काकू ऐकत राहिल्या, पाक पुढे गेला, लाडू बत्त्याने फोडावे लागले. बेसॉल्टरावांना काडीचा पश्चात्ताप नाही. ‘साधारण किती जोर लागला?’ एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच काकूंनी जाता जाता म्हटलं, ‘म्हणजे आपल्या लोणारसारखंच ना?’ ‘लोणारचा खड्डा उल्केने पाडला, काकू. ज्वालामुखीचा आहे तो, खड्डा ज्यात पडला तो दगड.’ मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा, त्यात कोरलेलं वेरूळ आणि शेवटी नेहमीची हळहळ: ‘बेसॉल्टावर जन्मलो आपण, आणि त्याचा चिकटपणा मोजायला यावं लागतं जर्मनीत!’

हळहळ संपली की भरती सुरू. मोटारींच्या कंपनीत नोकरीला आलेला मेकॅनिकलवाला दिसला की त्याच्या खांद्यावर हात पडलाच. ‘भूगर्भशास्त्रच लागतं असं नाही रे. फिजिक्स, मेकॅनिकल, मटेरियल्स, सगळे चालतात. मास्टर्स झालंय ना? मग झालं. फी भरायची नाही, उलट पगार मिळतो. करार अर्ध्या-पाऊण वेळेचा, भट्टी पूर्ण वेळेची. म्युनिक नको? इंग्लंडला बघ, रोमला बघ. अमेरिकेत सिरॅक्यूजला तर शिल्पकलेच्या लोकांनी मिळून खरा बेसॉल्ट वितळवून विद्यापीठाच्या आवारात ओतलाय!’ मुलगा मान डोलवत राहतो. तापमान मोजणारं थर्मोकपल ऐन प्रयोगात मरतं, हे त्याला कळतं ते रुजू झाल्यावर.

त्यांच्या नादाने आलेली नाशिकची मुलगी परवा त्यांच्याआधी डॉक्टर झाली. इथे नव्या डॉक्टरला प्रयोगशाळेतले सोबती स्वतः बनवलेली टोपी घालतात. ती बेसॉल्टरावांनीच रात्रभर जागून चिकटवली होती: पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, वर कापसाचा धूर, आणि उतारावर तिच्याच पहिल्या फुटलेल्या दगडाची राख, बाटलीत जपून ठेवलेली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘दादा, तुमची टोपी कधी?’ ‘एक रन राहिलाय,’ असं म्हणत बेसॉल्टराव पेढे घेऊन वळले. सोहळ्याला तिचा धाकटा भाऊ आला होता, आणि तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे हे त्यांना नुकतंच कळलं होतं.