अमर मोत्या

“लस? कुत्र्याला?” काकांनी ज्या सुरात हे विचारलं, त्या सुरात मी म्हशीला चष्मा करायला निघालो असतो तरी विचारलं नसतं. “अरे, आमच्या वाड्यात मोत्या होता. सुई म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी शाळेत जायला लागलो तेव्हा होता, मॅट्रिक झालो तेव्हा होता, आणि मला नोकरी लागली तेव्हा पेढ्यांच्या खोक्यात तोंड त्यानंच घातलं!”

नव्वदी ओलांडलेली आजी मेथी निवडता निवडता म्हणाली, “बाळ्या, ते चार मोत्ये होते रे. दर वेळी नवीन नाव शोधायला सवड कुणाला होती? पहिल्याचं नाक-डोळे गळायला लागले, मग झटके देत देत गेला. दुसरा पावसाळ्यात कावीळ होऊन. तिसरा पिसाळला, आपल्या गड्याला चावला, आणि त्या बिचाऱ्यानं पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. पेढे खाल्ले ते चौथ्यानं.”

डिस्टेंपर, लेप्टो आणि रेबीज. लसीच्या बाटलीवरचा मजकूर आजीनं चष्म्याशिवाय वाचून दाखवला होता. यादीत पार्व्हो तेवढा राहिला, पण त्यात तिचा दोष नाही. तो जगभर पसरला 1978 च्या सुमाराला, आणि तोवर आमचा वाडा पडून गेला होता.

काका हरणारे नव्हेत. “पण ही तिसऱ्या मजल्यावर राहते. बाहेर जाते कुठे?”

ही म्हणजे चकली. जात गावठी, नाव शेपटीवरून. ती नाही जात, पण आपण जातो ना! पार्व्होचा विषाणू आपल्या चपलेला चिकटून घरात येतो, महिनोन्‌महिने टिकतो, आणि रोजच्या फिनाईलला भीक घालत नाही. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून पावसाच्या पाण्यात उतरतात आणि माणसालाही सोडत नाहीत. आमच्या जिन्यातले उंदीर तर तिसऱ्या मजल्यावर कधीच दमत नाहीत.

डॉक्टरांनी वेळापत्रक लिहून दिलं. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, तीन महिन्यांची झाली की रेबीजची, आणि त्यानंतर ठरलेले बूस्टर. इतक्यांदा कशाला? तर आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण बाहेरून आलेल्या लसीलाही शत्रू समजून परतवून लावतं, आणि ते कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. आईचा प्रभाव सोळा आठवड्यांत ओसरतो हे ऐकून आमच्या हिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती इथे वर्णन करण्यासारखी नाही.

लिफ्टमधल्या मंडळींची श्रद्धा आणखी वेगळी. “इंजेक्शन दिलंय ना?” एवढं विचारून ते चकलीच्या तोंडात बिनधास्त हात घालतात. लस म्हणजे जणू मुंज, एकदा झाली की वर्तन सुधारतं! लस दिलेलं कुत्रंही चावतं हो. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट डॉक्टर गाठायचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की हातात जवळपास काहीच उरत नाही. काकांच्या घराण्याचा उपाय होता जखमेत तिखट भरायचं. आता इंजेक्शनं पोटात नाही, दंडात देतात आणि चौदाही लागत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी तिखटाचा आग्रह सोडला.

शेवटी तेच आमच्याबरोबर दवाखान्यात आले. तिथे एक रॉटवायलर बाकाखाली शिरून बसला होता आणि त्याचे मालक त्याला बाबापुता करत होते. “चकली देशपांडे!” कंपाउंडरनं पुकारा केला. मांजरासकट सगळ्यांनी वळून पाहिलं. सुई टोचली तेव्हा चकली बिस्किट खात होती. डोळे मिटले ते काकांनी.

डॉक्टर हसून म्हणाले, “आजोबा, तुम्ही शेवटची लस कधी घेतलीत?”

काकांनी अभिमानानं बाही वर करून देवीचा व्रण दाखवला.

“धनुर्वाताचा बूस्टर दर दहा वर्षांनी घ्यायचा असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा. चकलीचं पुढचं आम्ही मेसेजनं कळवतो.”

काका जरा घुटमळले. मग कंपाउंडरच्या टेबलाशी जाऊन हळूच म्हणाले, “त्या मेसेजच्या यादीत माझाही नंबर घालाल का?”

त्यानं मान वर न करता नवीन कार्ड काढलं. “वजन? आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलंय?”