ओतारी आणि कातारी

ॲल्युमिनियमची एक पुली हवी असेल तर शहाणा माणूस बाजारात जातो, माप सांगतो, पैसे देतो आणि पुली पिशवीत टाकून घरी येतो. कोल्हापुरात राहणाऱ्याला तर याहून सोपं काम नाही. उद्यमनगरात एक चक्कर मारली की पुलीबरोबर चहाही मिळतो. पण माझे मामा आणि माझा मावसभाऊ या दोघांसमोर ‘बाजारात मिळते की’ हे वाक्य बोलायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे.

मामा बँकेतून निवृत्त झाले आणि ओतारी झाले. मावसभाऊ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आठवडाभर सीएनसी मशीनवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या छोट्या लेथवर तेच काम फुकटात करतो. मामींच्या घरगुती गिरणीची पुली तडकली तेव्हा दोघांचेही डोळे चमकले. मामा म्हणाले, ओतू या. भाऊ म्हणाला, ओतताय कशाला, बार आणतो, तासाभरात कातून देतो. मामी म्हणाल्या, दळण कधी होणार ते सांगा. त्यांच्या प्रश्नाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

ओतकामाची सुरुवात लाकडापासून होते, हे मला मामांमुळे कळलं. आधी पुलीचा लाकडी पॅटर्न करायचा. तो पुलीसारखा दिसतो, पण पुलीच्या मापाचा नसतो. ॲल्युमिनियम गोठून थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. ओतून झाल्यावर पृष्ठभाग साफ करायला दोनतीन मिलिमीटर जादा. शिवाय तो मातीतून अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या कडांना किंचित उतार. थोडक्यात, शेवटी बरोबर यावं म्हणून प्रत्येक मापात मुद्दाम चुकवलेली वस्तू. तीस वर्षं पैशापैशाचा हिशेब जुळवलेल्या माणसाने इतक्या आनंदाने चूक मापं काढावीत, हे बघण्यासारखं होतं.

मग माती. बारीक वाळू, त्यात बेंटोनाइट आणि बेताचं पाणी. मूठभर घेऊन दाबली की बोटांचे ठसे उठले पाहिजेत आणि मधोमध मोडली की कड स्वच्छ राहिली पाहिजे. रव्याचे लाडू वळायला घेताना मामी हीच परीक्षा करतात. ही माती ज्या पेटीत भरतात तिचे दोन भाग असतात, दोन्हींतली माती एकमेकीला चिकटू नये म्हणून वर टाल्कम पावडर भुरभुरवतात. “अहो, माझ्या तोंडाला लागत नाही एवढी पावडर त्या पेटीला लागते,” ही मामींची तक्रार. तिच्यात तथ्य आहे. त्यांचा केस वाळवायचा ड्रायर भट्टीचा भाता म्हणून कधीच कामाला लागला आहे, हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

या सगळ्याचं खापर फोडायचं तर ते अमेरिकेतल्या एका माणसावर फोडावं लागेल. मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्ह गिंगरी याने १९८० च्या दशकात भंगारातून घरच्या घरी यंत्रशाळा कशी उभारावी यावर सात पुस्तकांची मालिका लिहिली. पहिल्या पुस्तकात बादलीला आतून माती आणि वाळूचा लेप देऊन कोळशाची भट्टी करायची. दुसऱ्यात त्या भट्टीवर ॲल्युमिनियम वितळवून लेथचे भाग ओतायचे. गंमत म्हणजे हा लेथ पुरता व्हायच्या आधीच स्वतःचे राहिलेले भाग करायला मदत करू लागतो. पुढे शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल, असं करत बादलीतून अख्खा कारखाना बाहेर येतो. निवृत्त माणसाच्या हाती हे पुस्तक पडू देणं धोक्याचं आहे.

बादलीत कारखाना मावतो तो ॲल्युमिनियमच्या कृपेने. हा धातू ६६० अंशांना वितळतो. तांब्याला १०८५ लागतात आणि बिडाला त्याहून जास्त. म्हणजे लोणारी कोळसा आणि जरा जोराचा वारा, एवढ्यावर परसात भागतं. पण याच गरिबीत त्याचा दगा आहे. तापलेलं लोखंड लाल होऊन सावध तरी करतं. वितळलेलं ॲल्युमिनियम दिवसाच्या उजेडात मुशीत शांत, रुपेरी, निरुपद्रवी दिसतं. त्याच्याखाली ओल सापडली की क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. साध्या काँक्रीटच्या फरशीतही तेवढी ओल असते, म्हणून मामा कोरड्या वाळूच्या थरावर ओततात. पळी, चिमटे, भंगाराचा तुकडा, सगळं आधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडं करतात. कातड्याचा ॲप्रन, तोंडावर ढाल, पायात बूट. मामांची बाकी सगळी थट्टा चालते, या वेशाची मी करत नाही.

भंगारातही जातिभेद असतो. सगळ्यात मान जुन्या स्कूटरच्या पिस्टनला आणि सिलिंडर हेडला, कारण ते मुळात ओतलेलेच असतात. त्यांच्यात भरपूर सिलिकॉन असतं, त्यामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो. थंड पेयाचे डबे मात्र पातळ, रंगवलेले. अर्धा कोळसा खर्चून हाती येते ती मळी. मामींना हा शास्त्रार्थ ठाऊक नसल्याने त्या कुकरचं झाकण कपाटात ठेवतात आणि किल्ली कमरेला.

भावाकडचं काम याच्या अगदी उलट. त्याला स्वयंपाकघरातलं काही लागत नाही, फक्त थोडं रॉकेल लागतं, तेही हल्ली मिळणं अवघड झालं आहे. ॲल्युमिनियम मऊ असल्याने टूलच्या धारेला चिकटतं, रॉकेलचा थेंब पडत राहिला की चिकटत नाही. ६०६१ जातीचा बार आणायचा, तुकडा कापून चकात पकडायचा आणि पुली नसलेलं सगळं काढून टाकायचं. पाऊण किलोचा तुकडा चकात चढतो आणि पाव किलोची पुली उतरते. उरलेला अर्धा किलो चकचकीत कीस होऊन फरशीवर, खिशात आणि वहिनींच्या मोज्यांत जातो. त्याला याचं काही वाटत नाही. विमानांचे भाग करताना तर ठोकळ्याचा नव्वद टक्के कीस होतो, असं तो अभिमानाने सांगतो. २००८ साली ॲपलने लॅपटॉपचं अंग ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरायला सुरुवात केली, तेव्हापासून तर आपल्या बाजूचा निकाल लागला असंच तो समजतो. माप म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मामांना माप विचारलं तर ते “बसेल” म्हणतात.

विमानाचा विषय निघाला की मामा राईट बंधूंना बोलावतात. डेटनच्या सायकल दुकानात त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने १९०३ सालच्या विमानाचं इंजिन सहा आठवड्यांत तयार केलं. त्याची केस ॲल्युमिनियमची, ८ टक्के तांबं घातलेली, गावातल्याच फाउंड्रीत ओतून आणलेली. इथवर मामांची बाजू वर असते. मग भाऊ विचारतो, “आणि क्रँकशाफ्ट?” तो टेलरने पोलादाच्या जाड पट्टीतून काढला होता. आकृती आखली, तिच्या कडेने भोकं पाडत गेला, मधला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि उरलेलं लेथवर कातलं. चाळीसेक किलोच्या पट्टीतून साडेआठ किलोंचा शाफ्ट. त्याहून वाईट म्हणजे पहिली ओतीव केस फेब्रुवारीतल्या चाचणीतच फुटली, नवी ओतून आणावी लागली. भाऊ हे सांगताना एक भुवई वर करतो.

पण मामांकडे हुकमाचं पान शिल्लक असतं. ॲल्युमिनियम-तांब्याचा मिश्रधातू विशिष्ट तऱ्हेने तापवून, निववून मुरू दिला की आपोआप कडक होतो, हा शोध जर्मनीतल्या आल्फ्रेड विल्मने १९०६ च्या सुमारास लावला. तोही अपघाताने. एकदोन दिवस नुसता पडून राहिलेला नमुना तपासला तर आधीपेक्षा कडक निघाला. आणि १९९४ साली धातुतज्ज्ञांनी राईट बंधूंच्या त्या केसचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तिच्यातही हेच घडलेलं दिसलं. साच्यात सावकाश निवताना केस स्वतःच कडक झाली होती. ओतणाऱ्याला पत्ता नाही, उडणाऱ्यांना पत्ता नाही, आणि शोध लागायला अजून तीन वर्षं अवकाश. “साच्यात घालून विसरून जायचं,” मामा म्हणतात, “धातूला कळतं काय करायचं ते.” भावाच्या ६०६१ बारमध्येही बळ येतं ते असंच मुरवून, फक्त तिथे भट्टीवाल्याने घड्याळ लावलेलं असतं. आणि तो बारही मुळात कुणीतरी ओतलेल्या ठोकळ्यापासूनच झालेला असतो, हे ऐकवल्याशिवाय मामा गप्प बसत नाहीत.

हिशेबाने पाहिलं तर भावाचंच बरोबर आहे. एकच नग हवा असेल तर कातावा, शंभर हवे असतील तर ओतावेत, हे कुठलाही कारखानदार सांगेल. मामांना हवा असतो एक आणि ते ओततात. तरी मी मनातून मामांच्या बाजूचा आहे. लेथवर काढलेलं परत लावता येत नाही. भोक केसभर मोठं झालं की पुली गेली. भावाच्या खणात असे चकचकीत, देखणे, निरुपयोगी नग पडलेले आहेत, त्यांतले दोन माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून आहेत. मामांचा फसलेला नग दुसऱ्या दिवशी मुशीत जातो आणि पुरावाच उरत नाही. बँकेत खोडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर उलटी नोंद घालायची आणि मग चूक नि दुरुस्ती दोन्ही वहीत कायमची, ऑडिटर येईल त्याला दिसणारी. अशा जन्मातून सुटलेल्या माणसाला चूक वितळवून टाकता येते हे कळल्यावर तो दुसरं काही कशाला करेल?

अर्थात हे सगळं मामांना वाटतं तितकं साफ नाही. दर वितळणीला थोडा धातू मळीत जातो. आणि ॲल्युमिनियमला एक वाईट खोड आहे. वितळलेलं असताना ते दमट हवेतला हायड्रोजन पिऊन घेतं आणि गोठताना त्यातला बहुतेक सगळा बाहेर टाकतं. वाट मिळाली नाही की तो आतच बुडबुडे करून बसतो. वरून नग गुळगुळीत. चूक मुशीत विरली असं मामांना वाटत असतं आणि ती आत दबा धरून असते. ती उघडी पडते लेथवर. कारण ओतलेल्या पुलीलाही मधलं भोक आणि पट्ट्याची खाच लागते, आणि त्यासाठी मामांना मान खाली घालून भाच्याच्या दारी जावंच लागतं.

पहिली पुली कातताना ती टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली तशी भावाने मशीन थांबवली.

“मामा, यातली हवापण वजनात धरलीत काय?”

“हवा नव्हे, हायड्रोजन आहे तो,” मामा म्हणाले. “एवढं कातायला शिकलास, तेवढं माहीत नाही?”

पुली मुशीत परत गेली. पावसाळा संपेपर्यंत थांबा, असं भावाने सुचवलं, ते शास्त्राला धरून होतं, पण मामांनी त्यात टोमणा ऐकला. दोघांत समेट व्हावा म्हणून मी एक तोड काढली. भावाच्या लेथखालचा कीस मामांच्या भट्टीत जावा, मामांचे नग भावाच्या लेथवर यावेत, कुणाचं कुणावाचून अडू नये. भावाने उदार होऊन पोतंभर कीस आणि बारचे तुकडे रिक्षातून पाठवले. मामांनी पोत्यात हात घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. कीस तेलकट आणि इतका बारीक की वितळण्याआधीच निम्मा जळून मळी होणार. आणि बारचे तुकडे? ६०६१ मध्ये सिलिकॉन कमी, ते साच्यात नीट वाहत नाही, गोठताना तडकतं. “उंची माल आहे तुझा,” त्यांनी फोनवर कळवलं, “आमच्या गरिबाच्या साच्यात नाही उतरायचा. एखादा पिस्टन असेल तर बघ.”

रिक्षाचं परतीचं भाडं कुणी द्यायचं यावर एकमत न झाल्याने पोतं अर्ध्या वाटेवर, म्हणजे आमच्या जिन्याखाली उतरलं. मामींचं दळण सध्या कोपऱ्यावरच्या गिरणीत होतं. भंगारवाला गल्लीत आला की ॲल्युमिनियमचा भाव विचारायचा, दोघांना फोन करायचा आणि दोघांकडूनही “थांब, एवढ्यात देऊ नकोस” हे ऐकून घ्यायचं, हे काम माझ्याकडे लागलं आहे.