एकूण नग किती?

मुलांना घेऊन कमी सामानात प्रवास करता येतो का, असा प्रश्न दर मे महिन्यात घरोघरी विचारला जातो. उत्तर आहे, येतो. फक्त मुलं आधीच कुणाबरोबर तरी पुढे पाठवलेली असावी लागतात. ज्यांना ही सोय नाही अशा लेकुरवाळ्यांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. उदाहरणादाखल ठाणे ते कुडाळ हा प्रवास घेतला आहे. प्रवासी पुढीलप्रमाणे: आई, बाबा, सात वर्षांची थोरली आणि दोन वर्षांचा धाकटा. आजी ठाण्यालाच राहणार आहेत, पण सामानात त्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे त्यांचाही समावेश केला आहे. ज्यांचं आजोळ अकोल्याकडे किंवा सोलापूरकडे आहे त्यांनी यातून समुद्र वजा करावा, पाण्याच्या बाटल्या मिळवाव्यात आणि बाकी नियम जसेच्या तसे पाळावेत.

आधी कायदा पाहू. रेल्वेच्या नियमांप्रमाणे स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेता येतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं, म्हणजे २० किलो. मुलाला मोठ्या माणसाच्या निम्मं सामान लागतं असं ज्या अधिकाऱ्याला वाटलं, त्याच्या घरचं मूल एकदा सर्वांना दाखवायला आणलं पाहिजे. पाच वर्षांखालच्याला तिकीटच लागत नाही, म्हणून या हिशेबात त्याचं नावही नाही. प्रत्यक्षात अर्धा डबा त्याच्याच वस्तूंनी भरलेला असतो. असो. बेरीज करा. चाळीस आणि चाळीस ऐंशी, थोरलीचे वीस, झाले शंभर. कायद्याने तुम्ही चक्क एक क्विंटल सामान नेऊ शकता.

तेव्हा अडचण वजनाची नाही. कुडाळला गाडी दोन मिनिटं थांबते, ही खरी अडचण आहे.

ही दोन मिनिटं नीट समजून घ्या. सिंधुदुर्ग स्टेशन गेलं की उठायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. नेमका त्याच वेळी धाकटा झोपतो. ठाण्यापासून तो जागाच असतो. पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, एवढे सगळे बोगदे, सगळं त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण कुडाळ दहा मिनिटांवर आलं की त्याची मान तुमच्या खांद्यावर पडते आणि तो दुप्पट जड होतो. थोरलीची एक चप्पल सापडत नाही. ती समोरच्या काकांच्या बर्थखाली, भिंतीला टेकून असते, आणि काका त्याच बर्थवर आडवे झालेले असतात. दारात पुढे गोव्याला जाणाऱ्यांच्या बॅगा रचलेल्या असतात. गाडी थांबते. खालून चढणारे चढू लागतात, कारण त्यांच्यापाशीही दोनच मिनिटं असतात. अशा वेळी तुमची बॅग बारा किलोची आहे की अठराची, याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो ती एक आहे की पाच आहेत, याने.

म्हणून नियम पहिला: सामान किलोत मोजू नका, नगात मोजा. दोन मोठ्या माणसांचे हात चार. त्यातला एक धाकट्याखाली, एक थोरलीच्या मनगटावर. उरले दोन, आणि पाठी दोन. म्हणजे तुम्हाला चार नग नेता येतात. पाचवा नग नेण्यासाठी जो हात तुम्ही गृहीत धरता तो हमालाचा असेल किंवा देवाचा. छोट्या स्टेशनावर दोघांचाही भरवसा धरू नये.

नगांची मोजणी करताना लोक मोठी लबाडी करतात. बॅगा मोजतात आणि पिशव्या सोडून देतात. ‘आमच्या फक्त दोन बॅगा’ असं सांगणाऱ्या कुटुंबाबरोबर खाऊची पिशवी, पाण्याची पिशवी, चपलांची पिशवी, विहीणबाईंना द्यायच्या वस्तूंची पिशवी (रिकाम्या हाताने कसं जायचं?) आणि अशीच एक पिशवी असते. ही शेवटची पिशवी कुणी भरली, तिच्यात काय आहे, हे कुणालाही सांगता येत नाही. पण ती राहिली तर घरी फोन करून सगळ्यात आधी तिच्याचबद्दल विचारलं जातं.

आता सामान कमी कसं करायचं? इथे बहुतेक सल्लागार कपडे गुंडाळायची पद्धत शिकवतात. गुंडाळी केल्याने जागा वाचते हे खरं, पण वाचलेल्या जागेत आणखी चार फ्रॉक जातात, हेही तितकंच खरं. बॅग कपड्यांनी भरत नाही, घरातल्यांच्या धास्तीने भरते. मुलाला स्वतःला फार थोडं लागतं. बाकी प्रत्येक वस्तू म्हणजे कुणा मोठ्या माणसाला रात्री दोन वाजता पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. थंडी वाजली तर? स्वेटर. मे महिन्यात कुडाळला पहाटेसुद्धा घाम येतो, तरीही स्वेटर. दिवे गेले तर? बाबांच्या दोन पॉवर बँका, टॉर्च आणि त्या टॉर्चचा चार्जर. पाहुण्यांकडे अचानक मुंज निघाली तर? जरीचं परकर-पोलकं.

म्हणून सामान कमी करायचं तर माणसं हाताळावी लागतात, आणि त्यात पहिल्या आजी. आजींना थेट नकार देणं ही नवशिक्यांची चूक आहे. ‘अगं, असू दे, लागलंच तर?’ या वाक्याला जगात उत्तर नाही. ‘आई, तिथे सगळं मिळतं’ म्हणून बघा. ‘मिळत असेल, पण रात्री लागलं तर कुठे जाशील?’ अशी पुढची चाल तयार असते. ‘आमच्या वेळी नव्हतं बाई एवढं सामान’ हेही त्याच सांगतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागण्यापूर्वी त्या रात्रभर एसटीने जात, तेव्हा त्यांच्याबरोबर पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि तीन मुलं असत, याची आठवण करून देऊ नये. त्याऐवजी एक बेताची पिशवी त्यांच्या हाती द्यावी आणि म्हणावं, ‘आई, यात मावेल तेवढं सगळं तुमच्या मनाने घाला.’ त्या पिशवीत काय काय मावू शकतं हे पाहून तुम्ही थक्क व्हाल. पण नग एकच राहील.

आपण इथे नगच मोजतो आहोत, हे लक्षात असू द्या.

कपड्यांबद्दल फार विचार करू नका. दिवसाला तीन जोड या हिशेबाने आठ दिवसांचे चोवीस होतात, आणि आजोळी पोचल्यावर मूल पहिल्या तासात उघडं होऊन उरलेली सुट्टी एका चड्डीवर काढतं. तिथली तांबडी माती पांढऱ्या कपड्याला कायमची ओळख देते. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग तर कुठल्याही साबणाला दाद देत नाही. तीन सुती जोड पुरतात. सकाळी धुतलेलं दुपारी जेवणाआधी वाळतं. शिवाय मामीकडे थोरल्या भावंडांना आखूड झालेल्या कपड्यांचं एक गाठोडं असतंच. परत येताना तुमच्या मुलाच्या अंगावर भलत्याचाच शर्ट असेल आणि तुमचा एक चांगला फ्रॉक तिथे राहिलेला असेल. तो पुढच्या मे महिन्यात दुसरीच कुणी घालून तुमच्यासमोर येईल.

पनवेलच्या पुढे डायपर मिळत नाहीत, अशी एक समजूत मुंबई-ठाणे परिसरात पसरलेली आहे. कुडाळच्या औषधांच्या दुकानात त्याच कंपनीचे, त्याच मापाचे मिळतात. प्रवासापुरते आणि वर एका दिवसाचे घ्या. मोठं पुडकं बरोबर नेणं म्हणजे हवा वाहून नेणं आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र विनोद बाजूला ठेवतो. मुलाचं रोजचं औषध असेल तर ते, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेलं तापाचं औषध, थर्मामीटर आणि ओआरएसच्या दोन पुड्या. एक लिटर पाण्यात घालायची ही पुडी जेमतेम २०.५ ग्रॅमची असते. आख्ख्या सामानात इतकी हलकी आणि इतकी कामाची दुसरी वस्तू नाही. हा ऐवज आईच्या किंवा बाबांच्या पाठीवर, वरच्या कप्प्यात. बर्थखाली ढकललेल्या बॅगेच्या तळाशी नव्हे.

त्याच वरच्या कप्प्यात एक जास्तीचा जोड ठेवा, असं सगळेच सांगतात. कुणाचा, ते सांगत नाहीत. मुलाचा तर ठेवाच, पण मूल ज्याच्या मांडीवर बसतं त्याचाही एक शर्ट ठेवा. मूल स्वतःच्या अंगावर फारसं ओकत नाही.

गाडी निवडतानाच अर्धं काम होतं. रात्रीची कोकणकन्या घेतलीत आणि स्लीपरने निघालात तर उशा, चादरी, पांघरुणं आलीच. त्यात थोरलीचं अर्धं तिकीट असेल तर २०१६पासूनच्या नियमाने तिला वेगळा बर्थ नाही, म्हणजे तिचा गुडघा रात्रभर तुमच्या बरगडीत. दिवसाची मांडवी घेतलीत तर अंथरूण-पांघरुणाची एक आख्खी पिशवी वाचते. मांडवी तर खाण्यापिण्यासाठीच नावाजलेली गाडी आहे. तीत बसून घरच्या डब्यातली गार भाजी-पोळी खाणं हा त्या गाडीचा अपमान आहे. धाकट्यापुरता मऊ भात किंवा गूळपोळी घ्या, तीही कागदात. स्टीलचा डबा मुळीच नको. सासर-माहेरच्या व्यवहारात रिकामा डबा परत पाठवायची पद्धत नाही. तुम्ही एक डबा नेलात की परतीचा एक नग तुम्ही स्वतःहून ओढवून घेतलात.

खेळणी नेऊ नयेत. गाडीत मूल चहाच्या कागदी कपाशी खेळतं आणि गावाला मांजराशी. बाबागाडी नेऊ नये. चिऱ्यांच्या पायऱ्या आणि पाणंदीतली माती यांवर ती चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा तिच्यातून नारळ आणतो. अपवाद एकच, धाकट्याचा ससा. त्याला एक कान नाही, रंग कुठला हे सांगता येत नाही आणि निघण्याआधी त्याला धुवायचा मोह अनेकींना होतो. धुवू नका. त्याचा वास गेला तर रात्री धाकटा झोपणार नाही, आणि मग गावातलं कुणीच झोपणार नाही. सशाची गणना नगांत करू नये, प्रवाशांत करावी.

मुलांना स्वतःची छोटी बॅग द्यावी, जबाबदारी शिकतात, असं वाचायला मिळतं. थोरली तिची बॅग ठाण्याच्या फलाटावर मोठ्या ऐटीने पाठीला लावते. पनवेलला ती बाबांच्या खांद्यावर असते. तेव्हा ती मोजताना बाबांच्या खात्यात धरा, आणि आदल्या रात्री थोरली झोपल्यावर एकदा उघडून बघा. आत दोन पुस्तकं आणि बरेचसे दगड सापडतील. पुस्तकं राहू द्या. दगडही दोन-तीन राहू द्या, नाहीतर सकाळी ती मोजून बघते.

इथवर सगळं पाळलंत तर चार नग आणि एक ससा घेऊन तुम्ही कुडाळला दीड मिनिटात उतराल. अर्धं मिनिट फलाटावर उभं राहून गाडीकडे बघायलाही मिळेल. पण कमी सामानाचं हे सुख जाण्यापुरतंच असतं. परतीच्या आदल्या संध्याकाळी पडवीत वस्तू जमायला लागतात. आमसुलं, आगळाची बाटली, कुळथाचं पीठ, फणसाचे तळलेले गरे, आंबापोळी, सात वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सुके बांगडे, ज्यांची वार्ता तरीही डब्याच्या दोन्ही टोकांना पोचते. ‘पोरांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही’ असं आजोबा आधीच सांगून ठेवतात, म्हणजे तुम्हाला बोलायला जागा नाही. मग मामा आतून आंब्याची पेटी घेऊन येतो. ती उचलायची कशी, हे विचारू नये. मामा कुडाळला डब्यात आणून ठेवतो. ठाण्याला ती उतरवायला मामा नसतो.

म्हणून जातानाच बॅगेच्या तळाशी एक रिकामी पिशवी घडी घालून ठेवा. पीठ, आमसुलं आणि आजोबांचा हट्ट तीत जाईल. पेटीसाठी मात्र असा काही उपाय नाही. पेटी एक असेल तर थोरलीला सांगावं, बाबांचा हात सोड आणि शर्ट धर. पेट्या दोन असतील तर ठाण्याला उतरण्याचा विचार सोडा आणि परतीचं तिकीट थेट सीएसएमटीपर्यंतचं काढा. टॅक्सीचे पैसे जातील, पण निवांत उतरता येईल. गाडी तिथून पुढे जात नाही.